व्होल्गाकाठची शेकोटी, अवसरीच्या उन्हात

शाळेच्या मैदानावर मी दुसरं महायुद्ध फक्कीने आखत असे. फक्की म्हणजे कबड्डीच्या रेषा मारायची पांढरी पूड. खेळाच्या सरांकडून डबा मागून घ्यायचा, पहिल्या तासाआधी पटांगणावर युरोप काढायचा आणि दहावीच्या मुलामुलींना देशोदेशी उभं करायचं. रशियाला कधीच जागा पुरायची नाही, तो सायकल स्टँडमध्ये घुसायचा. तिथे चिंचेची दाट सावली होती, त्यामुळे डिसेंबरात रशियात उभं राहायला कुणी तयार नसे. मी म्हणायची, "बघा, इथेच तुम्हाला हुडहुडी भरतेय, मग त्या शिपायांचं काय झालं असेल?"

ईरा, अर्णव, गेल्या महिन्यात तुम्ही फोनवर विचारलंत की तुमच्या शाळेत महायुद्धाचे टर्निंग पॉइंट शिकवतायत, तर आजी काय शिकवायची? मी घाईत पाच नावं सांगितली. तुम्ही ती लिहून घेतलीत आणि फोन ठेवलात. नंतर मलाच चुटपुट लागली. नावं बरोबर होती, पण उत्तर तेवढंच नव्हतं. यंदा या दिवाळी अंकाच्या संपादकांनी नोकरीतला एखादा अनुभव लिहा असा आग्रह केला, तेव्हा ठरवलं, तुमचंच उत्तर लिहून टाकावं. अडेल तिथे आईला विचारा.

मी पुण्यात इंग्रजी माध्यमात शिकले आणि लग्न होऊन नारायणगावला आले. तुमचे आजोबा गुरांचे डॉक्टर. ते मोटारसायकलवरून जुन्नर-आंबेगावच्या गोठ्यांत हिंडायचे आणि मी वारूळवाडीजवळच्या एका शाळेत इतिहास आणि इंग्रजी शिकवायची. इतिहासाच्या शिक्षकाचं काम म्हणजे सनावळ्या घोकून घेणं, असा पुष्कळांचा समज असतो. खरं काम वेगळं असतं. अमुक एक गोष्ट घडली नसती तर पुढचं सगळं कसं बदललं असतं, हे मुलांना दिसायला लागलं पाहिजे. ते दिसलं की सन आपोआप लक्षात राहतो.

'निर्णायक वळण' समजवायला मी आळेफाट्याचा उपयोग करायची. आपल्याकडची गाडी आळेफाट्याला सरळ गेली तर नाशिक, उजवीकडे वळली तर नगर. एखादा नाशिकचा प्रवासी चुकून नगरच्या गाडीत बसला आणि त्याला झोप लागली, तर गाडी कधी वळली ते त्याला कळतच नाही. डोळे उघडतात ते बेल्ह्याला. चूक झाली फाट्यावर, कळली बेल्ह्यात. युद्धाचंही असंच असतं. वळण येऊन गेलेलं असतं, लढणाऱ्यांना ते फार उशिरा कळतं. हे सांगितलं की वर्गातलं एखादं पोर हमखास म्हणायचं, "बाई, आमचे मामा खरंच असे बेल्ह्याला गेले होते." मग महायुद्ध बाजूला राहायचं आणि मामांची गोष्ट ऐकावी लागायची. मी ती ऐकून घ्यायची.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. श्रावणातल्या एका रविवारी दुपारी दारात एक बाई उभी राहिली. उंच, सावळी, कपाळावर मोठं कुंकू, नऊवारी लुगड्याचा पदर डोक्यावरून. मागे एक मिश्कील चेहऱ्याचा तिशीतला माणूस होता, त्याला मी लगेच ओळखलं. तो दत्तू, माझा जुना विद्यार्थी. दहावीला इतिहासातच गेला होता.

"बाई, ह्या आमच्या मालकीण, सगुणाबाई," तो म्हणाला. "फडाच्या."

तुम्हाला सांगायला हवं, नारायणगाव ही तमाशाची पेठ. चैत्रात, गुढीपाडव्याच्या सुमारास इथे तमाशाचे फड, म्हणजे कंपन्या, राहुट्या ठोकतात. राहुटी म्हणजे कापडी तंबूतलं त्यांचं ऑफिस. गावोगावची मंडळी तिथे येऊन आपल्या जत्रेसाठी फड ठरवतात. दसऱ्याला हंगाम सुरू होतो, पण फडाची खरी मदार या चैत्र-वैशाखाच्या जत्रांवर. त्याआधी पावसाळ्यात नवा वग बसवतात. वग म्हणजे तमाशातलं नाटक. आधी देवाचं गाणं, मग गवळण, मग लावण्या आणि शेवटी वग. दत्तू त्या फडात सोंगाड्या होता, म्हणजे लोकांना हसवणारा नट.

सगुणाबाई खुर्चीवर बसल्या नाहीत, जोत्यावर बसल्या. म्हणाल्या, "बाई, राजा-परधानाचं वग पब्लिक बघंना झालंय. घरोघरी टीव्ही आलाय. गेल्या हंगामात निम्म्या गावांनी आमाला बोलावलं न्हाई. औंदा नवं काय दिलं न्हाई तर फड मोडावा लागंल. साठ माणसं हायती माझ्याकडं. त्यातली निम्मी फडातच जल्मली. त्यांनी दुसरीकडं कुठं जायचं?"

"मग माझ्याकडे काय काम काढलंत?"

"ह्यो दत्तू म्हनतो, तुमी शाळंत जगाची लडाई लई झ्याक शिकवायच्या. मला तिचा वग करायचाय."

मी दत्तूकडे पाहिलं. तो पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होता. "तुला आठवतंय काही त्यातलं?"

"सगळं आठवतंय बाई. निस्तं लिहिता येत न्हवतं."

तुमचे आजोबा आतून हे ऐकत होते. त्यांनी हळूच सांगितलं, "हो म्हण. बोर्डाच्या परीक्षेपेक्षा मोठा पेपर आहे हा." मी हो म्हटलं, पण एक अट घातली. कोण जिंकलं, कोण हरलं आणि कोण मेलं, याला हात लावायचा नाही. बाकी काय हवं ते करा. सगुणाबाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "ढोलकीची आन."

तालमी वारूळवाडीच्या एका द्राक्षाच्या शेडमध्ये चालायच्या. शनिवारी शाळा सुटली की मी तिथे जायची. शाळेत थोडी कुजबुज झाली. इंग्रजी शिकलेली बाई तमाशाच्या तालमीला जाते, हे काही सहकाऱ्यांना रुचलं नाही. मी नेहमीप्रमाणे पाऊण तास आधीच स्वयंपाक उरकून, चष्मा पुसून, खडूचा डबा घेऊन जायची आणि शेडच्या फरशीवर नकाशा काढायची.

पहिल्याच दिवशी मिशीवरून वाद झाला. जर्मनीचा तो हुकूमशहा, त्याचं नाव तुम्हाला माहीतच आहे. फडात सगळे त्याला 'जर्मनचा राजा' म्हणत. त्याचं काम करणाऱ्या नटाने झुपकेदार, टोकं वळवलेली मिशी लावली होती. मी सांगितलं, त्याची मिशी नाकाखाली एवढीशीच होती.

"एवढीशीच?" नट हिरमुसला. "बाई, पब्लिकला वाटंल रंग संपला."

दुसरा वाद शेवटावरून. दत्तूच्या मनात होतं की सगुणाबाईंनी हातात तलवार घेऊन त्या राजाला स्टेजवर कापावं. मी म्हटलं, तसं झालं नाही. तो तळघरात लपला होता आणि तिथे त्याने स्वतःच जीव दिला.

"तळघरात? पब्लिकच्या माघारी?"

"हो."

"मंग पब्लिकनं बघायचं काय?"

मी अट मोडू दिली नाही. ते चडफडले, पण त्यांनी ती पाळली. मी त्यांना पाचही वळणं शिकवली. पॅसिफिक महासागरात मिडवे बेटाजवळ जपानची विमानवाहू जहाजं बुडाली. इजिप्तच्या वाळवंटात अल अलामीनला जर्मनांची पुढची वाट बंद झाली. व्होल्गा नदीच्या काठी स्टॅलिनग्राडला त्यांची आख्खी सेना वेढ्यात सापडली. आपल्या ईशान्येला इंफाळ-कोहिमापाशी जपानी फौज मागे फिरली. आणि नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांच्या फौजा उतरल्या. पेट्रोल आणि रसद कशी संपते, हे सांगताना मला फार बोलावं लागलं नाही. फडाचा ट्रक घाटात डिझेलवाचून उभा राहिला की काय होतं, ते मला त्यांनीच ऐकवलं.

सगुणाबाई गप्प बसून ऐकायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "आपली मानसं कुनाच्या बाजूनं लढली?"

"बहुतेक इंग्रजांच्या फौजेत. आफ्रिकेत, इटलीत, ब्रह्मदेशात. काहीजण इंग्रजांच्या विरुद्धही लढले."

"आन् इंग्रज तर आपल्याच बोकांडी बसल्याला."

"हो."

"मंग टाळी कुनाला द्यायची?"

इतक्या वर्षांत शाळा तपासायला आलेल्या एकाही अधिकाऱ्याने मला हे विचारलं नव्हतं. मी घरी येऊन आजोबांना म्हटलं, या बाईंना आमच्या अभ्यास मंडळावर घ्यायला हवं.

दसऱ्याला वग उभा राहिला. पाचही वळणं त्यात होती आणि वग साफ पडला. मी शिरोलीकडच्या एका गावात तो पाहिला. मिडवेचा समुद्र म्हणून दोन बायकांनी निळी साडी हलवली, त्यावर पुठ्ठ्याची जहाजं बुडाली आणि त्याच वेळी पुढच्या रांगेतून एकाने हात वर केला. हातात नोट होती.

इथे तमाशाची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. प्रेक्षकाला एखादं गाणं हवं असलं की तो नोट वर धरून स्टेजपाशी येतो. त्याला फर्माईश म्हणतात. निवेदक वाकून नोट घेतो, देणाऱ्याचं नाव माइकवरून मोठ्याने सांगतो आणि मागितलेली गोष्ट करावीच लागते. मग राजा मरायला टेकलेला का असेना. नोट परत करणं म्हणजे त्या माणसाचा भर सभेत अपमान, आणि त्याच्याबरोबर गावाचाही.

त्या दिवशी जहाजं अर्धवट बुडालेली असताना लावणी झाली. अलामीनच्या वाळवंटात दोन झाल्या. नॉर्मंडीला फौजा उतरल्याच नाहीत, कारण तोवर लोकांनी हिंदी सिनेमाचं गाणं मागितलं होतं. दुसऱ्या गावात हेच, तिसऱ्यातही हेच. पौषात सगुणाबाई पुन्हा आमच्या जोत्यावर येऊन बसल्या. चेहरा उतरला होता.

"बाई, लडाई लई मोठी हाय. माझ्या स्टेजवर मावंना. ह्या पाचातलं खरं वळन कुठलं त्येवढं सांगा. एकच."

मी म्हटलं, "त्यावर इतिहासकारांचं अजून एकमत नाही."

"त्यांच्याकडं साठ मानसं जेवायला नसत्यात," त्या शांतपणे म्हणाल्या. मग स्वतःच बोलत राहिल्या, "आमच्याकडं वळन कसं वळखत्यात, सांगू? पब्लिक ज्या जागेला गानं मागायचं इसरतं, ती जागा. तितून मागं फिरत न्हाई कुनी. मला तसली जागा द्या."

मी पुष्कळ विचार केला. कोहिमा निवडावं असं मला फार वाटत होतं, कारण तिथे आपली माणसं होती. पण टाळी कुणाला, हा त्यांचा प्रश्न तिथे सुटत नव्हता. स्टॅलिनग्राडला तो सुटत होता. तिथे माणसं स्वतःच्या गावासाठी, घराघरातून, जिन्याजिन्यावरून लढली. मी सांगू लागले. जर्मन सेना शहरात शिरली आणि रशियनांनी तिला बाहेरून वेढलं. हिवाळा आला. गरम कपडे मागे कुठेतरी रेल्वेत अडकून पडले, अन्न संपलं. सेनापतीने मागे फिरायची परवानगी मागितली आणि हुकूमशहाने ती नाकारली. शेवटी उपाशी, गारठलेले जे उरले ते शरण आले. त्यानंतर जर्मनी मागेच सरकत गेली.

सगुणाबाईंनी विचारलं, "त्या गावात म्हाताऱ्या बाया राहिल्या व्हत्या का? का समद्या निघून गेल्या?"

"राहिल्या होत्या. जळक्या घरांच्या तळघरांत राहिल्या होत्या."

सगुणाबाईंचं माहेर वर आंबेगावच्या डोंगरात होतं. ते गाव धरणाखाली जायचं होतं आणि त्यांची आई अजून तिथून हलली नव्हती. हे मला दत्तूने नंतर सांगितलं. त्या दिवशी त्या फक्त उठल्या आणि म्हणाल्या, "बास झालं. जागा घावली."

नवा वग एवढाच उरला. जळक्या घरापुढे शेकोटी. तिच्यापाशी सगुणाबाई, रशियन म्हातारी. तिचा मुलगा याच लढाईत गेलेला. तिथे वाट चुकलेला, थंडीने कुडकुडणारा जर्मन शिपाई येतो, तो दत्तू. तो शेकोटीजवळ येऊ देण्यासाठी गयावया करतो. ती येऊ देत नाही. तो पलीकडे पडून राहतो आणि सकाळी मेलेला असतो. मग रशियन शिपाई वर्दी देतो की अख्खी जर्मन सेना शरण आली. हा प्रसंग कुठल्या पुस्तकात नव्हता, पण जिंकलं कोण, हरलं कोण, मेलं कोण, सगळं बरोबर होतं. मी मान डोलावली.

गुढीपाडवा झाला. नारायणगावात राहुट्या लागल्या, पण सगुणाबाईंच्या राहुटीत कुणी फिरकेना. दसऱ्याच्या वगाची बदनामी पोचली होती. सगुणाबाईंनी मला सांगितलं की हा चैत्र कोरडा गेला तर ट्रक विकून माणसांना वाटेला लावायचं त्यांनी ठरवलंय. सांगताना आवाज हलला नाही. तेवढ्यात अवसरी बुद्रुकच्या जत्रेसाठी ठरलेल्या फडाचा ट्रक आळेफाट्याला बंद पडला आणि ऐनवेळी गावकरी सगुणाबाईंना घेऊन गेले. मीही गेले. आजोबांच्या ओळखीचं एक घर तिथे होतं.

रात्रीच्या खेळात लावण्या रंगल्या. पुढे मध्यभागी नामदेवतात्या बसले होते. गावातले मोठे बागायतदार, पांढरा फेटा, घसघशीत आवाज. त्यांना एकच लावणी आवडायची. ती संपली की ते पुन्हा नोट वर करायचे. पुन्हा तीच. शेजारचा म्हणाला, "तात्या, आता तुमालाच पाठ झाली आसंल, म्हना की." तात्या म्हणाले, "मी म्हनलो तर तू नोट देशील का?" सगळी सभा हसली. वग सुरू होणार तेवढ्यात वळवाचा पाऊस कोसळला, वीज गेली आणि खेळ तिथेच थांबला.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी असते, म्हणजे गावापुढे थोडीशी गाणी. गावकऱ्यांनी ठरवलं, वग हजेरीत करा. दिवे नाहीत, पडदा नाही. चैत्राचं दहा वाजताचं ऊन आणि त्यात रशियाची बर्फाळ थंडी. दत्तूने अंगावर पोत्याची खोळ आणि डोक्याला फाटकं फडकं गुंडाळलं होतं. घामाने तो आधीच भिजला होता. मी देवळाच्या ओट्यावर बायकांमध्ये बसले.

तो कुडकुडत स्टेजवर आला आणि लोक खदखदून हसले. हसू येणारच. सगळे धोतराच्या सोग्याने वारा घेत होते आणि हा दात वाजवत होता.

"आई, हात शेकू दे की गं," तो म्हणाला.

"कुनाचा रं तू?" म्हातारी म्हणाली.

"जर्मनचा."

"मंग जर्मनला जा की शेकायला!"

पुन्हा हशा. दत्तू शेकोटीभोवती फिरला, गारठलेल्या पायांनी उड्या मारल्या, बुटातून निघालेली बोटं मोजली, एक कमी भरलं म्हणून पुन्हा मोजली. लोक लोळायचे बाकी होते. मग तो बसला. बोटं मोजणं थांबलं. त्याने नुसते हात पुढे केले, आगीच्या दिशेने, आणि तसेच धरून ठेवले. म्हातारीने त्याच्याकडे पाठ केली आणि आपल्या मुलाला थंडीत काय खायला आवडायचं, ते हळू आवाजात सांगू लागली. हशा विरत गेला. मी शाळेत इतकी वर्षं ही थंडी शिकवली, पण त्या उन्हात मला ती पहिल्यांदा वाजली.

आणि तेव्हाच नामदेवतात्या उठले. हातात नोट.

मागून घुंगरांचा आवाज आला, नाचणाऱ्या पोरींनी तात्यांना उठलेलं पाहिलं होतं आणि त्या तयार झाल्या होत्या. कुणीतरी हळहळलं, "आता कशाला, तात्या!" पण रीत ती रीत. निवेदक माइक घेऊन वाकला. माइक सुरूच होता, त्यामुळे पुढचं सगळ्या गावाने ऐकलं.

"बोला तात्या. तीच लावनी?"

"गानं न्हाई पायजे."

"मंग?"

तात्यांनी स्टेजकडे बोट केलं. "त्या पोराला जरा शेकू द्या म्हनावं."

कुणी हसलं नाही. निवेदकाच्या हातात नोट होती. फर्माईश आली म्हणजे पुरी करायलाच हवी. पण वगात म्हातारी त्याला जवळ घेत नाही. निवेदकाने सगुणाबाईंकडे पाहिलं. सगुणाबाईंनी गर्दीवरून थेट ओट्याकडे, माझ्याकडे पाहिलं. त्या काय विचारत होत्या ते मला पुरतं कळलं. फड वाचवायला बसलेली ती बाई, सगळं गाव वाट बघत असताना, एका शिक्षिकेला दिलेला शब्द मोडायचा की नाही ते विचारत होती.

मी मनात पटकन ताडून पाहिलं. जिंकलं कोण, हरलं कोण, मेलं कोण. शेकोटीजवळ कोण बसलं, ते माझ्या अटीत नव्हतं. मी मान हलवली.

सगुणाबाई हातभर सरकल्या. शेजारची जागा पदराने झाडली.

"ये," त्या म्हणाल्या. "अवसरीच्या तात्यांनी सांगितलंय म्हनून ये."

तेव्हा मात्र सगळी सभा हसली, आणि माझ्या शेजारची बाई पदर डोळ्यांना लावून हसत होती. दत्तू सरकत सरकत जवळ आला. त्याने हात शेकले. म्हातारीने त्याच्या हातावर चूल फुंकायची फुंकणी ठेवली आणि आग फुंकायला लावलं, पोराला लावावं तसं. तो फुंकत राहिला. मग मान खाली गेली. ढोलकीवाल्याने एक थाप मारली, सकाळ झाल्याची. म्हातारीने त्याला हलवलं. तो हलला नाही.

"अरं, शेकल्यावर बी मेला?" तात्या उभ्यानेच ओरडले.

सगुणाबाईंनी वर पाहिलं नाही. "ही थंडी आजची न्हाई, तात्या. लई दिसांची आत शिरलीया."

तात्या खाली बसले. रशियन शिपायाने वर्दी दिली, सेना शरण आल्याची. टाळ्या पडल्या, पण मला त्या युद्ध जिंकल्याच्या वाटल्या नाहीत. वग संपेपर्यंत एकही नोट वर आली नाही. पोरींनी बांधलेले घुंगरू सोडले. निवेदक तात्यांचं नाव पुकारायचंच विसरला आणि तात्यांनीही त्याबद्दल तक्रार केली नाही.

परतताना ट्रकमध्ये पुढे सगुणाबाई, मी आणि ड्रायव्हर होतो. मागच्या फळीवरून दत्तू डोकावून म्हणाला, "बाई, आता तरी इतिहासात पास का?" मी म्हटलं, "तोंडी परीक्षेत पास. लेखी राहिलीय." सगुणाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. मंचर मागे पडल्यावर म्हणाल्या, "तात्यानं वळवलं बगा. आपन न्हाई."

त्यांचा फड नंतर काही वर्षं चालला. पुढे त्यांचे गुडघे गेले, फड थांबला, दत्तूने आळेफाट्याला चहाचं हॉटेल काढलं. त्या बाईंना एखादा मानसन्मान मिळायला हवा होता. तो मिळाला नाही, याची मला खंत आहे. मी मात्र पुढे निवृत्त होईपर्यंत वर्गात स्टॅलिनग्राड शिकवताना शेकोटी सांगत असे. पुस्तकात नाही, असंही सांगत असे.

अवसरीनंतर आठवडाभराने मी त्यांच्या राहुटीत गेले होते. बसायला जागा नव्हती. तीन-चार गावांची माणसं आली होती. त्यातला एक पागोटेवाला म्हातारा पुढे सरकून म्हणाला, "वग त्योच पायजे, म्हातारीचा. पर एक अट हाय. म्हातारीनं त्या पोराला शेकोटीजवळ घ्यायचं. कुनी नोट दिली, न दिली, तरी घ्यायचं."

"घीन की," सगुणाबाई म्हणाल्या.

"आन् ह्या वक्ताला वाचवा त्याला. आमच्या गावात नका मारू."

सगुणाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"त्ये न्हाई जमायचं, बाबा," त्या म्हणाल्या. "शेकोटीजवळ घीन, रातभर घीन. पर सकाळी त्यो मरतोच. ती अट बाईंची हाय."